पखवाज खंय गेलो?

देवगड तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचं पत्र आहे. त्यांच्याकडे 2016 ची लहान सेकंडहँड गाडी आहे. रोज शाळेची ये-जा आणि महिन्यातून दोनदा वडिलांना घेऊन फोंडा घाटातून कोल्हापूरचा दवाखाना. गाडीत कंपनीचाच स्टिरिओ आहे, ब्लूटूथ आणि यूएसबी चालतं, स्पीकर पुढच्या दोन दारांतच. त्यातला डावा गेल्या पावसाळ्यापासून फरफरतो. त्याच दाराची काच अडकायची म्हणून दोन वर्षांपूर्वी दार उघडून दुरुस्त करून घेतली होती. ताईंनी 20,000 रुपये बाजूला काढलेत. दुकानदाराने 19,500 मध्ये ‘पूर्ण पॅकेज’ सांगितलंय: नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन, चार स्पीकर, बेसट्यूब आणि ‘4000 वॅट’चा अँप्लिफायर. मुंबईच्या मावसभावाने असंच सगळं बसवलंय, तो म्हणतो डोळे मिटून घे. यजमान म्हणतात आहे त्यात भागव. वडील पूर्वी गावच्या भजनमंडळात पखवाज वाजवायचे. त्यांच्या डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या मंडळांतल्या भजनी सामन्याच्या, जुन्या कॅसेटी आहेत. मावसभावाने त्या टेपवर लावून मोबाइलमध्ये व्हॉइस नोट करून सगळ्यांना पाठवल्या, त्याच गाडीत लागतात. गेल्या गणपतीत मावसभावाच्या गाडीत त्या ऐकल्यावर वडील एवढंच म्हणाले, “आवाज मोठो आसा रे, पण पखवाज खंय गेलो?” हल्ली ते आवाज वाढवायलाही सारखं सांगतात. ताईंचा प्रश्न असा: पॅकेज घ्यावं, की चांगल्या कंपनीचं थोडं थोडं घ्यावं? काम गणपतीच्या आधी व्हायला हवं.

ताई,

वडिलांचं ते वाक्य तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत. मी मात्र तिथेच अडकलो. ज्या गाडीत 4000 वॅट आहेत, तिथे आयुष्यभर पखवाजावर हात फिरवलेल्या माणसाला पखवाज सापडत नाही, आणि तेच सामान आपण आपल्या गाडीत बसवायला निघालोय. तेव्हा दुकानाची पायरी चढण्याआधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधू. माझ्या मते पखवाज एका जागी हरवलेला नाही, चार जागी हरवलाय.

पहिली जागा बेसट्यूब. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे चामड्याच्या तोंडाला, ओली कणीक लावतात, तिथून घुमारा येतो. उजवीकडे शाईचा काळा गोल, तिथून बोल खणखणीत सुटतात. वाजवणारा माणूस ऐकतो ती थाप: पंजा पुडीवर पडतो तो क्षण आणि त्यानंतर नाद कसा विरतो ते. स्वस्त बेसट्यूब ही एका ठरावीक सुराला जुळवलेली नळी असते. त्या सुराच्या आसपासचं काहीही आलं की ती घुमते आणि थांबायला वेळ घेते. मग धा काय, गे काय, सगळ्याचं एकच धुम्म होतं. थापेचा वरचा भाग दारातल्या स्पीकरने द्यायचा असतो. तो स्पीकर हलका असला आणि मागे ट्यूब घुमत असली, की पखवाज ढोलाच्या गाडीखाली सापडल्यासारखा दबून जातो. मावसभाऊ ज्या प्रकारची गाणी ऐकतो त्यांना ती ट्यूब शोभतही असेल. त्याच्या आवडीला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्याची आवड आणि तुमची गरज एक नाही, आणि तुमचं बजेट एकदाच खर्च होणार आहे.

त्या 4000 वॅटचंही बघून टाकू. अँप्लिफायरच्या बाजूला फ्यूज असतो, त्यावरचा आकडा वाचा. समजा 30 आहे. गाडी चालू असताना विजेचा दाब 14 व्होल्टच्या आसपास असतो. 30 गुणिले 14 म्हणजे 420 वॅट, आणि त्यातलेही बरेचसे उष्णतेत जातात. स्पीकरपर्यंत अडीचशे पोचले तरी खूप झालं. खरे 4000 वॅट हवे असतील तर बॅटरीतून 285 अँपिअरच्या वर ओढावे लागतील, आणि लहान गाडीचा अल्टरनेटर 100 अँपिअरसुद्धा क्वचितच देतो. तसंच स्टिरिओवर ‘50×4’ लिहिलेलं असतं, तिथे दर स्पीकरला स्वच्छ असे 15 ते 20 वॅटच मिळतात. म्हणून खोक्यावर ‘आरएमएस’, म्हणजे सलग मिळणारी खरी ताकद, असा लिहिलेला आकडाच वाचायचा, ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’वर बोट ठेवून पुढे जायचं. त्याहून कामाचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी, तेवढ्याच वॅटवर स्पीकर किती मोठा वाजतो ते. तो डेसिबलमध्ये असतो. 89 च्या जागी 92 चा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात. कंपनीच्या स्टिरिओवर स्पीकर चालवायचे असतील, आणि तुम्ही तसेच चालवावेत असं मला वाटतं, तर हा आकडा विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

आता दुसरी जागा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: दार.

स्पीकर पुढे जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागेही टाकतो. मागचा आवाज फटींतून पुढे आला की दोन्ही एकमेकांना खातात, आणि खालचे स्वर आधी जातात. घरच्या स्पीकरला लाकडी पेटी असते ती त्यासाठीच. गाडीत पेटीचं काम दाराने करायचं असतं, आणि दार म्हणजे पातळ पत्रा, मोठाली भोकं आणि वर एक प्लॅस्टिकचा कागद. तुमच्या डाव्या दाराची काच दुरुस्त झाली, आणि नंतर त्याच दारातला स्पीकर पावसाळ्यात बिघडला. या दोन गोष्टी तुम्ही पत्रात वेगवेगळ्या लिहिल्यात, मला त्या एकच वाटतात. काचेच्या रबराजवळून पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतंच, ते प्रत्येक गाडीत उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. आतला प्लॅस्टिकचा कागद ते पाणी स्पीकरच्या बाजूला आणि गाडीच्या आत येऊ देत नाही. दुरुस्तीत तो कागद फाडून काढतात आणि पुष्कळदा नीट चिकटवत नाहीत. मग आपल्याकडच्या पावसात स्पीकरच्या कागदी कोनवर, म्हणजे थरथरणाऱ्या शंकूसारख्या पडद्यावर, ओल बसते, तो फुगतो आणि फरफरतो. दार उघडाल तेव्हा आधी हे बघा. कागद फाटलेला असेल तर नवा स्पीकरही दोन पावसाळ्यांपलीकडे जाणार नाही, मग तो कितीही महाग असो.

दार उघडलंच आहे तर त्याला डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर शोषणारं चिकट अस्तर, लावून घ्या. ब्युटाइल रबराची घ्या, वर अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली. डांबरी शीट स्वस्त पडते, पण वैशाखात बंद गाडी तापली की तिचा वास सुटतो आणि ती सरकते. बाहेरच्या पत्र्याला आतून, स्पीकरच्या पाठीमागे आणि आजूबाजूला तुकडे लावले तरी पुरतं, अख्खा पत्रा मढवायची गरज नाही. दाराच्या आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं मात्र बंद व्हायला हवीत, म्हणजे दार पेटीसारखं वागू लागतं. आणि एक गोष्ट उभं राहून करून घ्या: दाराच्या तळाची पाणी जायची भोकं उघडी राहिली पाहिजेत. उत्साहात कारागीर तीही बुजवतो, पाणी आत साठतं आणि दार तळातून गंजत जातं. काम संपल्यावर काचेवर तांब्याभर पाणी ओता आणि दाराखालून ते गळतं का बघा. तांब्याभर पाण्याची ही परीक्षा कोकणातल्या प्रत्येक गाडीवाल्याने करावी.

हे काम कोरड्या हवेत व्हायला हवं. पत्रा दमट असेल तर शीट धरत नाही. म्हणजे गणपतीच्या आधी म्हणताय ते खरं तर मिरगाच्या, म्हणजे जूनमधल्या मृगाच्या पावसाच्या, आधी व्हायला हवं.

मी स्वतः हे सगळं उलट क्रमाने शिकलो. माझ्या पहिल्या गाडीत एका दुकानात अँप्लिफायर बसवून घेतला. त्यांनी मूळच्या वायरी कापल्या, पिळ मारला आणि वर काळी टेप गुंडाळली. पहिल्या उन्हाळ्यात टेप सुटली, पावसाळ्यात पिळाला हिरवा गंज चढला आणि आवाज येत-जात राहिला. मी स्पीकर बदलले, मग स्टिरिओ बदलला. दोष दोन इंच वायरीत होता. म्हणून सांगतो, समुद्राच्या हवेत सामानाइतकंच महत्त्व जोडाला आहे. गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर, म्हणजे मूळ प्लगात बसणारा जोड, मिळतो, तो मागा, म्हणजे मूळ वायर कापावी लागत नाही. जिथे जोड द्यावाच लागेल तिथे क्रिम्प (दाबून बसवलेला जोड) किंवा सोल्डर, आणि वर गरम करून आवळणारी नळी. वायर निखळ तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर दिसायला तशीच असते, पण तिचा विरोध साधारण दीडपट असतो आणि खाऱ्या हवेत तिची टोकं लवकर खराब होतात. टोक खरवडलं की आत पांढरं दिसतं, एवढी ओळख पुरे. स्पीकर बसवायची रिंग एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, नको, ती ओल पिऊन फुगते. प्लॅस्टिकची चालेल. स्क्रू स्टीलचे, न गंजणारे. या सगळ्याला मिळून काहीशे रुपये जास्त जातील, आणि दुकानदार “कशाला ताई” म्हणेल. तिथे मागे हटू नका.

तिसरी जागा स्पीकर. दमट हवेसाठी पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचा कोन आणि भोवती रबराची कड हे बघून घ्या. फोमची कड आपल्याकडे लवकर चुरते. आता कोअॅक्शियल की कॉम्पोनन्ट? कोअॅक्शियलमध्ये वरचे स्वर वाजवणारा लहान ट्वीटर मोठ्या स्पीकरच्याच मध्ये असतो, बसवायला सोपा, स्वस्त. पण तो दारात गुडघ्याच्या खाली असतो, आणि वरचे स्वर सरळ रेषेत जातात, म्हणजे झांज आणि बुवांचे शब्द तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतात. कॉम्पोनन्टमध्ये ट्वीटर वेगळा असतो, तो आरशाच्या कोपऱ्यात वर बसवता येतो. वडील शेजारच्या सीटवर बसतात, तेव्हा तुमच्यासाठी मी कॉम्पोनन्टच सांगेन. घेण्याआधी दाराचं भोक आणि खोली मोजून घ्या. साडेसहा इंची बऱ्याच लहान गाड्यांत बसतो, पण चुंबक जाड असला की काच खाली येताना अडकते.

पायोनियर, सोनी, जेबीएल यांच्यासारख्या नावांच्या सुरुवातीच्या आणि मधल्या श्रेणीत फार उन्नीस-बीस नसतं. त्याच नावांचा नकली माल मात्र बाजारात फिरतो. खोक्यावर आयातदाराचं नाव, एमआरपी आणि आत वॉरंटी कार्ड नसेल, किंवा दुकानदार पक्कं बिल द्यायला कुरकुरत असेल, तर परत फिरा. तुम्ही कोल्हापूरला जाताच, तिथे निवड जास्त मिळेल. फक्त बसवण्याचं काम अशा माणसाकडे द्या, ज्याच्याकडे पावसाळ्यात परत जाता येईल.

मागचे दोन स्पीकर? तुमच्या गाडीत नकोत. मागे रोज कुणी बसत नाही, आणि चारांच्या पैशात दोन चांगले येतात. स्क्रीनही नको. तुमचा स्टिरिओ ब्लूटूथ घेतो, यूएसबी घेतो, आवाजाच्या दृष्टीने स्क्रीन काही वाढवत नाही. शिवाय फोंडा घाटात नकाशाकडे बघायला सवड नसते आणि रेंजही धड नसते.

हिशेब ढोबळ सांगतो, दुकानागणिक हजार इकडे-तिकडे होतील. पुढच्या दारांसाठी बरी कॉम्पोनन्ट जोडी सहा-सात हजारांत येते. दोन दारांची डॅम्पिंग शीट मजुरीसकट तीन हजारांच्या आसपास. कपलर, रिंग, वायर, बसवणं यांना दीड हजार धरा. बारा हजारांच्या आत काम होतं. उरलेल्या आठ हजारांना महिनाभर हात लावू नका. महिना ऐकल्यावर आवाज वाढवताना फाटतोय असं वाटलं, तरच लहान अँप्लिफायर. तो घेताना ‘हाय-लेव्हल इनपुट’ असलेला, म्हणजे स्पीकरच्या वायरीतूनच आवाज घेणारा, घ्या, म्हणजे कंपनीचा स्टिरिओ बदलावा लागत नाही. त्याचा फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत असावा आणि अर्थिंगची वायर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवावी, मग वर ग्रीस. अँप्लिफायर चांगल्या अवस्थेत सेकंडहँड मिळाला तरी चालेल. स्पीकर सेकंडहँड घेऊ नका, निदान किनाऱ्यावरच्या गाडीतले तरी नकोच.

यजमानांना सांगा, त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. स्टिरिओत भागतं. दारात भागत नाही.

हे वाचणाऱ्यांत तारकर्ली-मालवणला पर्यटकांची गाडी चालवणारेही असतील. तुमचं गणित वेगळं आहे, गिऱ्हाईक मागे बसतं. तेव्हा मागे साधे कोअॅक्शियल टाका आणि आवाज मागच्या बाजूला थोडा झुकवा. ज्यांच्याकडे पाचच हजार आहेत, त्यांनी पुढे एक चांगली कोअॅक्शियल जोडी आणि स्पीकरच्या पाठीमागे दोन तुकडे शीट एवढंच करावं. गाडीत स्टिरिओच नसेल तर ब्लूटूथवाला साधा सिंगल-डिन, म्हणजे एका पट्टीच्या उंचीचा स्टिरिओ, घ्यावा, रेडिओ चांगला पकडणारा. आणि सगळ्यांनीच एकदा दाराची रबरं बघावीत. उन्हाने ती कडक होतात आणि महामार्गावर वाऱ्याचा आवाज आत येतो. धावत्या लहान गाडीत सहज 70 डेसिबलच्या आसपास गोंगाट असतो. तो कमी करणं हेही स्पीकर सुधारण्यासारखंच आहे, आणि रबर स्पीकरपेक्षा स्वस्त आहे.

चौथी जागा तुमच्या फोनमध्ये आहे. व्हॉइस नोट ही बोलण्यासाठी केलेली सोय आहे. फोन तिथे आवाज खूप दाबतो, आणि गोंगाट समजून झांजेची किणकिण, पखवाजाचा विरणारा नाद अशा गोष्टी कापून टाकतो. वर ती नोट टेपच्या छोट्या स्पीकरसमोर फोन धरून केलेली. म्हणजे दुकानदाराने तुम्हाला जगातलं सर्वोत्तम सामान बसवून दिलं असतं तरी पखवाज आला नसता. तो फाइलमध्येच नाही.

कॅसेटी अजून घरात असतील तर त्या बाहेर काढा. आधी उजेडात धरून बघा. टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुरी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट मशीनमध्ये घालू नका, हेडला लागून ती पुढच्या कॅसेटीत पसरते. अशा कॅसेटी वेगळ्या ठेवून जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या. ज्या स्वच्छ आहेत त्या एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवा, मग चांगल्या डेकच्या लाइन-आउटमधून वायरीने संगणकात घ्या. जवळ डेक नसेल तर हे काम करून देणारे स्टुडिओ मोठ्या शहरांत असतात, आणि उरलेल्या आठ हजारांतले पैसे मी सगळ्यात आधी इथे घालेन. फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती जशीच्या तशी पोचते. गाडीसाठी पेनड्राइव्ह एफएटी32 मध्ये फॉरमॅट करा, कंपनीचे बरेच स्टिरिओ दुसरं काही वाचत नाहीत. पेनड्राइव्ह असला की घाटात रेंज गेली तरी बारी थांबत नाही. मंडळातली बाकीची माणसं, समोरच्या बुवांच्या घरचे, त्यांनाही ती फाइल हवी असेल.

एक गोष्ट जपून लिहितो. वडील हल्ली आवाज वाढवायला सांगतात, असं तुम्ही म्हणता. वय झालं की आधी वरचे स्वर जातात. आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत, स आणि त सारखे वाटू लागतात. अशा कानाला बेस वाढवून दिला तर उरलेले शब्दही त्याखाली झाकले जातात. पुढच्या फेरीत कोल्हापूरला आहातच, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून त्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, करून घ्या. सोपी तपासणी आहे, दुखत नाही. नुसता कानात मळ साठलेला असला तर तेवढ्यानेही फरक पडतो. काही निघालं तर ते वेळेत कळलेलं बरं, आणि तोवर स्टिरिओवर बेस दोन घरं खाली आणि ट्रेबल एक घर वर ठेवून बघा. याला पैसे लागत नाहीत, आज संध्याकाळी शाळेतून येतानाच करता येईल.

स्पीकर निवडायला जाल तेव्हा वडिलांना सोबत न्या. नव्याने उतरवलेली एक बारी पेनड्राइव्हवर घ्या. दुकानदार स्वतःचं गाणं लावेल, दणदणीत, तयार केलेलं. त्याला नम्रपणे थांबवा आणि तुमचा पेनड्राइव्ह लावा. आवाज बोलण्याच्या पातळीवर ठेवा, मोठा नाही. गजर चढत जातो तिथपर्यंत ऐका. वडिलांना कसं वाटतंय हे विचारू नका, त्यांच्या हाताकडे बघा. मांडीवर बोटं ठेका धरू लागली, तर ती जोडी बांधून घ्या.